"वाईट विचार येत नाहीत ना?" : सोळा वर्षांच्या एका मुलाचं प्रकरण

मुलाची आणि त्याच्या आईची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, गावाचं आणि कॉलेजचं नाव दिलेलं नाही. मुलाला इथं 'थोरला' म्हणते. घरातही त्याला बहुतेक वेळा हीच हाक असते, आणि या प्रकरणात त्या हाकेलाही वजन आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी, एका शनिवारी दुपारी, खानापूर तालुक्यातून मामा भाच्याला घेऊन बेळगावात माझ्याकडे समुपदेशनासाठी आला. मुलगा पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, सायन्स. आईही आली होती. तिनं त्याची एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, मार्कलिस्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. कुणी मागितली नव्हती. 625 पैकी 571.

मामानं सांगितलेली हकिकत चार वाक्यांची होती. पोरगा मिडटर्मला फिजिक्समध्ये नापास झाला. मनाला लावून घेतलं. रात्री मित्राला काहीतरी मेसेज केला. मित्रानं तो आपल्या आईला दाखवला आणि त्या बाईंनी साडेअकराला फोन केला. "अभ्यासाचं टेन्शन हाय मॅडम, जरा समजावून सांगा की."

दोघांना बाहेर बसवून मी मुलाशी एकट्याशी बोलले. सुरुवातीलाच त्याला सांगितलं, की इथं बोललेलं मी कुणाला सांगणार नाही, फक्त जिवाला धोका आहे असं वाटलं तर घरच्यांना सांगावं लागेल, आणि ते तुला सांगूनच करेन. इथपर्यंत ठीक होतं. मग मी चूक केली. विचारलं, "तुझ्या मनात काही वाईट विचार वगैरे येत नाहीत ना?"

"नाही मॅडम."

येणारच नव्हतं दुसरं उत्तर. 'नाहीत ना' म्हणून विचारलं की समोरच्याला कळतं, या बाईला काय ऐकायचं आहे. इतकी वर्षं हे काम करूनही जीभ घसरते. कारण विचारणाऱ्यालाही आतून 'हो' ऐकायचं नसतं. शिवाय 'वाईट विचार' म्हणजे नेमकं काय? सोळा वर्षांच्या मुलासाठी त्यात शंभर गोष्टी बसतात.

वीस मिनिटं इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर पुन्हा विचारलं, या वेळी सरळ. "एवढं सगळं साचलं की काही मुलांना मरून जावंसं वाटतं. तुला तसं वाटतं का?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हो. गणपतीपासून."

असं विचारल्यानं मुलाच्या डोक्यात नसलेला विचार घुसतो, ही भीती शिक्षकांना असते, पालकांना असते, डॉक्टरांनाही असते. अभ्यास वेगळंच सांगतात. विचारल्यानं विचार वाढत नाहीत, उलट आधीच त्रासात असलेल्या मुलांना थोडं हलकं वाटतं. थोरल्याच्या खांद्यांवरून ते मला दिसलं.

पुढचे प्रश्न पायरीपायरीनं गेले. आत्महत्येचा धोका जोखायच्या कोलंबिया मापनश्रेणीत असतात तसे. नुसतं 'नको झालंय' वाटतं, की जीव द्यायचा विचार येतो? कसा, हे मनात आलं आहे? करायचं ठरलं आहे? त्यासाठी काही तयारी केली? शेवटच्या पायरीपर्यंत उत्तरं 'हो' अशीच आली. दिवसही ठरला होता. कसं आणि कुठं, हे इथं लिहायचं कारण नाही.

तयारीबद्दल मात्र लिहायला हवं, कारण ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली होती. आपली बॅट त्यानं शेजारच्या पोराला देऊन टाकली. बहिणीला मोबाइलवरून लाइटबिल कसं भरायचं ते शिकवलं, तिच्या शिष्यवृत्तीचे कागद एका फाइलीत लावून ठेवले. आईला फोनचा पासवर्ड दोनदा म्हणायला लावला. घरच्यांना वाटलं, पोरगं आता जबाबदार झालं. नववीत असताना एकदा त्यानं स्वत:ला इजा करून घेतली होती, तीही कुणाला माहीत नव्हती. पुढच्या धोक्याची सगळ्यांत मोठी खूण कोणती असं विचारलं तर जाणकार हीच सांगतात, आधी स्वत:ला केलेली इजा किंवा प्रयत्न. मामाच्या चार वाक्यांत ती नव्हती.

फिजिक्सच्या आधी

मामाचं कारण खोटं नव्हतं. ते शेवटचं होतं, एवढंच. शेवटचं कारण सगळ्यांना दिसतं, म्हणून सगळा दोष त्याच्या नावावर लिहिला जातो. देशात 2022 मध्ये 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांत 13,044 विद्यार्थी होते. अशा बातमीत बहुतेक वेळा एकच ओळ असते, 'परीक्षेत अपयश आल्यानं'. पण नापास तर वर्गात आणखी पंधरा मुलं झाली होती.

थोरला मराठी माध्यमात शिकला. दहावीत त्याला संवेग, त्वरण, गुरुत्वाकर्षण सगळं येत होतं. नुसतं पाठ नव्हतं, समजलेलं होतं. जूनमध्ये बेळगावात आला आणि वर्गात मोमेंटम, अ‍ॅक्सेलरेशन, ग्रॅव्हिटेशन सुरू झालं. सर इंग्रजीत शिकवत, अवघड जागा कन्नडमध्ये उलगडून सांगत. त्याला बसमध्ये आणि बाजारात लागतं तेवढं कन्नड येतं. म्हणजे जी जागा सगळ्यांसाठी सोपी होई, नेमकी तीच त्याला बंद. "मला येतंय ते बी मला येत नाही मॅडम," असं तो म्हणाला. याच्याहून नेमकं मी सांगू शकत नाही. एकदा त्यानं उठून शंका विचारली, मराठी-इंग्रजी मिसळून. मागच्या बाकावरून कुणी तरी त्याच्या बोलण्याची नक्कल केली, वर्ग हसला. त्यानंतर त्यानं वर्गात तोंड उघडलं नाही. 1956 पासूनचा सीमाप्रश्न कुठल्या बाजूनं सुटायचा तो सुटेल. त्याबद्दल मत मांडायची ही जागा नव्हे. पण दहावीपर्यंत एका भाषेत पहिला येणारा मुलगा अकरावीत तीन भाषांच्या मध्ये मुका होतो, आणि त्या महिन्यांत त्याच्याकडे बघणारं कुणी नसतं, हे दरवर्षी होतं. याच्यासाठी आंदोलन लागत नाही. जून-जुलैत रोज एक तास संज्ञांचा वर्ग घेतला तरी पुष्कळ होईल.

दहावीच्या निकालानंतर गावातल्या युवक मंडळानं त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला आणि बसथांब्यावर फ्लेक्स लावला. त्याचा फोटो, गुण, खाली 'भावी डॉक्टर'. शनिवारी घरी येताना तो त्या फ्लेक्ससमोर उतरायचा. सप्टेंबरपासून एक थांबा आधी उतरून चालत यायला लागला. घरी सांगितलं, व्यायाम होतो.

घरात आज्जी, आई, सातवीतली बहीण. वडील गोव्यात बांधकामावर. चोर्ला घाटातून महिन्या-दोन महिन्यांनी येतात. आले की पहिल्या दिवशी लाड, दुसऱ्या दिवशी दारू, तिसऱ्या दिवशी भांडण. मग परत. आईनं बचत गटाच्या ओळखीवर दोन ठिकाणी कर्ज घेतलेलं, हप्ता आठवड्याचा. हप्ता चुकला की वसुलीवाले येऊन ओसरीवर बसून राहायचे, आणि त्यांच्याशी बोलायचं काम थोरल्याचं, कारण घरात तोच एक पुरुष. असल्या वसुलीला आळा घालायला कर्नाटकानं 2025 मध्ये वटहुकूम काढला, पण ओसरीवर बसलेल्या माणसाला तो वाचून दाखवणार कोण? "थोरला हाय न्हवं, तो बघंल," हे वाक्य आज्जीच्या, आईच्या, मामाच्या तोंडून मी एकाच दुपारी तीनदा ऐकलं. मायेनंच म्हणत होते सगळे. त्याच्या कानाला मात्र ते हिशेबासारखं ऐकू येत होतं, की माझ्या खोलीचं भाडं, माझी फी, माझी पुस्तकं नसती तर हप्ते चुकले नसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी अशा विचारांच्या मुळाशी दोन भावना असतात असं मांडलं आहे, आपण कुणातच बसत नाही ही एक आणि आपण सगळ्यांवर ओझं आहोत ही दुसरी. वर्गानं पहिली दिली होती, घरानं नकळत दुसरी.

काका

पहिल्या भेटीत मी आईला विचारलं, घरात कुणी असं केलं आहे का. ती "नाही" म्हणाली. मामा खिडकीबाहेर बघत राहिला.

थोरल्याकडून कळलं ते असं. वडिलांचा धाकटा भाऊ सात वर्षांपूर्वी गेला. घरात सांगतात, छातीत कळ आली. थोरला तेव्हा नऊ वर्षांचा. त्या दिवशी त्याला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं, आणि शेजारच्या बायका मूल ऐकत नाही असं समजून बोलत होत्या. त्यानं कधी कुणाला विचारलं नाही. पुढं पाचवी-सहावीत त्याच्या लक्षात आलं, की काकाचं श्राद्ध त्याच्या तिथीला होत नाही, पितृपक्षातल्या चतुर्दशीला होतं. भिंतीवरच्या पंचांगात त्या दिवशी बारीक अक्षरात छापलेलं होतं, 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध'. त्यानं मराठीच्या बाईंना शब्दाचा अर्थ विचारला. बाईंनी कौतुकानं समास सोडवून दिला, शस्त्र वगैरेंनी मरण आलेल्यांचं श्राद्ध.

आणि याच घरात, सत्काराच्या दिवशी शाल पांघरून आलेल्या नातवाला बघून आज्जी म्हणाली होती, "अगदी काकासारखा दिसतोस बघ. त्योबी असाच हुशार हुता." त्या घरातलं याच्याहून मोठं कौतुक नाही. पण पोराच्या मनात त्याला एक शेपूट जोडलं गेलं, 'काकासारखा' म्हणजे शेवटही तसाच. हे आज्जीच्या स्वप्नातही नव्हतं.

घरात आत्महत्या झालेली असणं हा जोखमीचा घटक आहे, असं सगळ्या पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं असतं. त्यातला काही भाग रक्तातून येतो, नैराश्याकडे किंवा तडकाफडकी वागण्याकडे असलेला कल असा. पण या घरात न बोलण्यानं जे केलं ते मला जास्त जड वाटतं. मुलाला दोन गोष्टी शिकायला मिळाल्या, की सहन झालं नाही की माणसं असं करतात, आणि त्यावर घरात कुणी बोलत नाही. दुसरी शिकवण पहिलीपेक्षा घातक. कारण मदत मागायची वेळ आली तेव्हा त्याच्याजवळ घरात वापरता येईल असा शब्दच नव्हता. "जीव नको झालाय" असं तो आज्जीला दोनदा म्हणाला होता. आज्जी मला म्हणाली, "म्हणत हुता की. पण ते आमीबी दिवसातनं धा येळा म्हंतोय न्हवं."

खरं आहे. आपल्याकडं सासू म्हणते, सून म्हणते, पाऊस उघडला नाही तरी म्हणतात. म्हणून नुसत्या शब्दांवर जाता येत नाही. शब्दाबरोबर आणखी काय बदललं ते बघावं लागतं. थोरल्याचं बदललेलं सांगायला लागल्यावर घरच्यांना एकेक आठवत गेलं. पहाटे तीनला जाग येऊन पडून राहायचा. जेवण अर्ध्यावर. बहिणीवर विनाकारण खेकसायचा, ज्याला सगळे 'वयात आलंय' म्हणत. पोरवयातलं नैराश्य रडून दिसेलच असं नाही, बऱ्याचदा ते चिडचिडीतून दिसतं. आणि दिवाळीला त्यानं किल्ला बांधला नाही. गल्लीतल्या किल्ल्याचा मुख्य कारागीर गेली सहा वर्षं तोच होता. दगड कुठले, माती कुठली, बुरूज कुठं, सगळं तो ठरवायचा. यंदा लहान पोरं दोनदा बोलवायला आली, तो आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. माझ्या दृष्टीनं निदानाला एवढा एकच पुरावा दिला असता तरी चाललं असतं. प्रश्नावलीही भरून घेतली, मध्यम ते तीव्र नैराश्य निघालं. देशव्यापी मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (2015-16) 13 ते 17 वयाच्या 7.3 टक्के मुलांत कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता. थोरल्याच्या वर्गात साठ मुलं आहेत.

इथं एक कबुली. एवढे घटक मागं वळून मांडले की वाटतं, हे आधीच दिसायला हवं होतं. तसं नसतं. पन्नास वर्षांतल्या 365 अभ्यासांचा एकत्र आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. या घटकांवरून कोण प्रयत्न करेल ते ओळखण्याचा अंदाज नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरा निघाला. दारू पिणारा बाप, कर्ज, भाषेची अडचण असलेली शेकडो मुलं तालुक्यात आहेत आणि त्यांतली बहुतेक निभावून नेतात. घटकांची यादी भविष्य सांगायला निरुपयोगी आहे. आज कुठल्या गाठीला हात घालता येईल, हे मात्र तिच्यावरून कळतं.

त्या दुपारी आणि नंतर

मुलाला सांगून आई आणि मामाला आत घेतलं. पहिला प्रश्न मामाचा: "पोलीस केस हुईल काय?" या भीतीपायी किती घरं दवाखान्याची पायरी चढत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, असं ठरवलं. सरकारनं त्याच्या उपचाराची जबाबदारी घ्यावी, असंही त्यात आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम घेतलेलंच नाही. इथं तर प्रयत्नही झाला नव्हता. मामानं सुस्कारा टाकला आणि मग पहिल्यांदा भाच्याच्या पाठीवर हात ठेवला.

दाखल करायचं का, यावर मनोविकारतज्ज्ञांशी फोनवर बोलले. दिवस ठरलेला होता, म्हणून माझा कल दाखल करण्याकडे होता. तज्ज्ञांनी त्याला त्याच संध्याकाळी तपासलं. त्यानं स्वत:हून सगळं सांगितलं, मामा रात्रंदिवस बरोबर राहायला तयार झाला, तिसऱ्या दिवशी परत येण्याचं कबूल झालं, म्हणून घरी पाठवलं. एकही गोष्ट कमी असती तर पाठवलं नसतं. फ्लुओक्सेटिन कमी मात्रेत सुरू झालं. पौगंडावस्थेत नैराश्यासाठी सगळ्यांत जास्त अभ्यास याच औषधाचा झाला आहे. अशा गोळ्यांवर मुलांच्या बाबतीत ठळक इशारा छापायला अमेरिकी औषध नियंत्रकांनी 2004 मध्ये लावलं. चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा वर्तन गोळी घेणाऱ्यांत सुमारे 4 टक्के आणि नकली गोळी घेणाऱ्यांत 2 टक्के दिसलं होतं, मृत्यू एकही नव्हता. म्हणून गोळी टाळायची नाही, पहिले काही आठवडे दर आठवड्याला बघायचं. गोळ्यांचं पाकीट आईजवळ, मुलाजवळ नाही.

घरातलं फवारणीचं आणि इतर जे जे धोक्याचं ते त्याच रात्री मामाच्या घरी कुलपात गेलं. हे फार बाळबोध वाटतं. "ज्याला करायचं त्यो कुठंबी करंल," मामा म्हणाला. तसं होत नाही. टोकाची लाट बहुधा काही मिनिटं, फार तर काही तास टिकते. त्या वेळात हाताशी काही नसलं तर ती ओसरते. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि 1995 नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

मग सुरक्षा-योजना. छापील अर्ज होता, पण त्यानं आपल्या रफ वहीच्या मागच्या पानावर स्वत:च्या मराठीत लिहिली. लाट येते तेव्हा आधी काय होतं: 'कान गरम होतात, फ्लेक्स आठवतो.' एकट्यानं काय करता येतं: 'नळावर जाऊन तोंड धुणे, पोरांत जाऊन बसणे.' कुणाला फोन: मामा, तो मित्र, मग मी. खाली 14416, टेली-मानस. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली सरकारी सेवा, रात्री-अपरात्रीही चालते, फुकट आहे, आणि भाषा निवडता येते, मराठीही. नंबर लिहून थांबायचं नसतं. मी त्याला समोर बसवून एकदा लावायला लावला. अडचणीत पहिल्यांदा अनोळखी नंबर लावणं सोळा वर्षांच्या मुलाला फार अवघड जातं.

त्या मित्राला मी वेगळं बोलावलं. त्याला वाटत होतं, आपण चुगली केली, आता दोस्ती तुटली. त्याला सांगितलं, की तू आईला उठवलंस म्हणून आज आपण बोलतो आहोत. तो रडला. त्याचंही कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

कॉलेजात एका अधिव्याख्यात्यांनी मनापासून मदत केली, दुसऱ्यांनी "सायन्स झेपत नसेल तर काढून घ्या" म्हणून विषय संपवला. मित्राच्या मोठ्या बहिणीनं दोघांना संज्ञांची वही करून दिली, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. थोरला अजून सायन्सलाच आहे. पुढं काय, ते त्यानं ठरवलेलं नाही आणि मीही विचारत नाही.

सगळ्यांत अवघड बैठक काकाची. तिसऱ्या आठवड्यात आज्जीला घेऊन आले. मी फक्त एवढं म्हणाले, की काका कसा गेला ते थोरल्याला माहीत आहे. आज्जी कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग तिनं सांगायला सुरुवात केली. तो महिनाभर झोपत नव्हता, तिनं दृष्ट काढली, देवाला नवस बोलला, डॉक्टरकडे नेलं नाही, कारण लोक काय म्हणतील. नातवानं पहिल्यांदा विचारलं, "मग मी त्याच्यासारखा हाय काय?" आज्जी म्हणाली, "नाक त्याच्यासारखं हाय. बाकी तू तुझा हाईस." फ्लेक्स पुढच्या आठवड्यात मंडळाच्या पोरांनीच उतरवला. आता तो त्यांच्या परसात सरपणावर पांघरलेला आहे, छापील बाजू आत.

सहा महिने झाले. झोप सुधारली. मार्चमध्ये एकदा विचार परत आले, तेव्हा त्यानं मामाला स्वत: उठवलं. हप्ते चालूच आहेत. वर्गात तो अजून फारसा बोलत नाही.

वडील माझ्याकडे एकदाही आले नव्हते. मागच्या महिन्यात गोव्याहून त्यांचा फोन आला, मागं मिक्सरचा आवाज. म्हणाले, सुट्टीला येतोय, दारू आणणार नाही. मग म्हणाले, "त्याला इचारायचं कसं मॅडम? म्हंजे, तसलं काय मनात नाही ना, असं इचारू?"

म्हटलं, 'नाही ना' नको. असं विचारा: तुला मरून जावंसं वाटतं का रे? आणि मग गप्प बसा, तो बोलेपर्यंत.

त्यांनी ते वाक्य माझ्यामागून म्हणून पाहिलं. 'मरून'पाशी अडखळले. थांबा म्हणाले, मिक्सरपासून जरा लांब गेले असावेत, कारण आवाज कमी झाला. मग पुन्हा म्हणाले, पहिल्यापासून.